फ्रेंच शब्द ओळीच्या शेवटी मोडायचा कुठे?

पानलाव्या (मंगळवार, रात्री ११:४०)

नमस्कार मंडळी. मी डीटीपी करतो, पुण्यात. मराठी-इंग्रजी पानं लावण्यात पंचवीस वर्षं गेली, फ्रेंच अक्षर कधी डोळ्यांपुढून गेलं नव्हतं. गेल्या महिन्यात पंपांच्या एका कॅटलॉगचं काम आलं. ६४ पानं, तीन रकाने, मजकूर फ्रेंच. भाषांतर त्यांच्याकडूनच झालेलं, मला फक्त लावायचं होतं. म्हटलं, रोमन लिपी आहे, त्यात काय मोठं.

पहिलं प्रूफ तिकडून आलं ते लालेलाल. मजकुरात चूक नाही, सगळ्या खुणा ओळीच्या शेवटी. शब्द जिथे मोडून संयोगचिन्ह पडलंय तिथे. रकाना अरुंद आणि शब्द असे: रफ्रवादिसमां (थंड करणं), आप्रोव्हिझ्योनमां (पुरवठा), काराक्तेरिस्तीक (वैशिष्ट्यं), आणि सगळ्यांचा बाप अॅंतेरशांझाबिलिते, म्हणजे याचा भाग त्याला बसणं. (टोप्या-टिंबं असलेली रोमन अक्षरं इथे टाकली की चौकोन दिसतात, म्हणून सगळं नागरीत लिहितोय. सांभाळून घ्या.)

तर प्रश्न: लांब फ्रेंच नाम मोडायचं कुठे, याचा काही नियम आहे का? आणि एक कोडं. एका जागी 'कोंत्रोल' हा शब्द 'कों'वर मोडलाय. मला तो बरोबर वाटतो. पण त्यावर लाल गोल आणि शेजारी दोन उद्गारचिन्हं. बाकी कुठे उद्गारचिन्ह नाही. का?

शिकरण_पोळी

अॅंतेरशांझाबिलिते. तीन वेळा म्हटलं, दोनदा जीभ चावली. हा शब्द ओळीच्या शेवटी नाही, मधेच चहाला थांबून पुढे न्यावा.

मादाम_कोथरूड

पानलावे, बावीस वर्षं फ्रेंच शिकवते आहे, पण ओळ मोडण्याबद्दल पहिल्यांदाच कुणी विचारलं. नियम सोपे आहेत हो.

दोन स्वरांच्या मधे एकच व्यंजन असेल तर ते पुढच्या स्वराकडे जातं. का-राक-ते-रिस-तीक यात 'रिस'चा 'र' पुढच्या इकाराचा, मागच्याचा नाही. दोन व्यंजनं असतील तर एक इकडे, एक तिकडे. मात्र दुसरं एल किंवा आर असेल तर बहुधा जोडी फुटत नाही, दोघं मिळून पुढे. म्हणून 'कों-त्रोल', 'कोंत-रोल' नाही. सी-एच, पी-एच, जी-एन या जोड्या एकाच आवाजाच्या, त्याही फोडायच्या नाहीत. तेच अक्षर दोनदा आलं असेल तर मधोमध. 'आप्रोव्हिझ्योनमां'त दोन पी आहेत आणि दोन एन आहेत, दोन्हीकडे मधे मोडता येतं. दोन स्वरांच्या मधे छपाईत मोडत नाहीत. आणि पुढच्या ओळीवर किमान तीन अक्षरं तरी जायला हवीत.

तुमच्या प्रूफातलं एखादं मोडलेलं उदाहरण द्याल का? 'कों'बद्दल तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

पानलाव्या

धन्यवाद मादाम. उदाहरण: 'काराक्तेर' इथे ओळ संपली आणि 'इस्तीक' खाली गेलं. म्हणजे तुमच्या पहिल्याच नियमाचा मुडदा.

व्यनि वाचला. बापरे.

शिकरण_पोळी

व्यनि??? धाग्यावर या, मादाम! आम्ही काय घोडं मारलंय?

गणमात्रा

मादामचे नियम वाचून गंमत वाटली, कारण हे आपल्याकडे उच्चारात आहे, फक्त लिपी ते दाखवत नाही. 'पत्नी' लिहिताना आपण 'प' आणि 'त्नी' करतो. म्हणताना मात्र 'पत्-नी' म्हणतो, म्हणूनच वृत्तात तो 'प' गुरू होतो. जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू, हे पाठ सगळ्यांनी केलं, कारण फार थोड्यांना सांगितलं गेलं: जोडाक्षरातलं पहिलं व्यंजन मागच्या अक्षराला येऊन टेकतं. फ्रेंच माणूस ओळ मोडताना तेच टेकणं संयोगचिन्हाने दाखवतो.

पण माझी शंका वेगळी आहे. अॅंतेरशांझाबिलिते यात 'अॅंतेर' हा उपसर्ग उघड दिसतो. मग मोडताना घटक बघायचा की उच्चार? इथे दोन्ही जुळतात, कारण पुढे व्यंजन आहे. उपसर्गापुढे स्वर आला तर?

मादाम_कोथरूड

गणमात्राजी, नेमकं दुखणं काढलंत. दोन शहरांमधली गाडी असते ना, तिचं विशेषण 'अॅंतेर' अधिक 'युर्बॅं'. उच्चाराने मोडलं तर अॅं-ते-र्युर-बॅं, आर पुढे पळतो. व्युत्पत्तीने मोडलं तर अॅंतेर-युर्बॅं. फ्रेंच छापखान्यांत दोन्ही पंथ आहेत. शाळेत उच्चाराचा पंथ शिकवतात, जुने मुद्रक व्युत्पत्तीचा मान ठेवतात. एका पुस्तकात एकच पंथ पाळावा, एवढं मात्र दोघांनाही मान्य.

गणमात्रा

म्हणजे 'जगदीश'! घटक जगत् आणि ईश, पण म्हणताना ज-ग-दीश. 'जगद्-ईश' असं मोडून कुणी आरती म्हणत नाही. 'सूर्योदय' तर याहून पुढचा, तिथे सांधा ओकाराच्या पोटात आहे, मोडायला जागाच नाही.

दहावी_ब

आमच्या कन्येने मार्कांसाठी संस्कृत सोडून फ्रेंच घेतलंय. तिला हा धागा दाखवला. ती म्हणाली, "बाबा, सगळ्यात लांब शब्द आंतिकोंस्तित्युस्योनेलमां, २५ रोमन अक्षरं." आणि एका दमात म्हणून दाखवला. मी आपला 'किंकर्तव्यविमूढ'.

तिची तक्रार अशी की म्हणता येतो, लिहिता येत नाही. दोन एन कुठे, एक एन कुठे, कळत नाही. त्यावर काही उपाय?

मादाम_कोथरूड

कन्येला शाबासकी द्या, पण तो शब्द नाम नाही, क्रियाविशेषण आहे: 'घटनाविरोधी रीतीने'. नाम हवं असेल तर अॅंतेरगुव्हेर्नमांतालिझास्यों घ्या, २६ अक्षरं, अनेकवचनी २७. एखादी गोष्ट अनेक सरकारांच्या मिळून हाती देणं. रोज कुणी वापरत नाही, पण बांधणी बघण्यासारखी आहे.

वर्गात मी मुलांना सांगते, लांब शब्द शेपटीकडून वाचा. 'आस्यों' दिसलं की नाम, स्त्रीलिंगी, कसली तरी क्रिया. तिच्या आधी 'इझ', म्हणजे 'तसं करणं'. आधी 'आल', म्हणजे विशेषण. मग 'गुव्हेर्नमां', सरकार. मग तोंडाशी 'अॅंतेर'. पाच डबे, इंजिन मागे. लिंग नेहमी शेवटचा डबा ठरवतो. 'मां'ने संपणारी क्रियानामं पुल्लिंगी, म्हणून पानलाव्यांचं रफ्रवादिसमां पुल्लिंगी. 'इते'ने संपणारी भाववाचकं स्त्रीलिंगी, म्हणून अॅंतेरशांझाबिलिते स्त्रीलिंगी. 'आझ' प्रत्ययाची पुल्लिंगी. इथे मुलं हमखास विचारतात, मग प्लाझ (समुद्रकिनारा) आणि इमाझ (चित्र) स्त्रीलिंगी कसे? कारण तिथे 'आझ' हा प्रत्ययच नाही, शब्दाचं अंग आहे. शेपूट आणि शेपटीसारखं दिसणारं काहीतरी, यांत फरक करावा लागतो.

दोन एनचं: 'एल'च्या आधी दोन, 'आल'च्या आधी एक, असं धरून चाला. 'रास्योनेल'ला दोन, 'रास्योनालिते'ला एक. 'नास्योनाल'ला एक. आणि हे पाठ झालं की 'कोंस्तित्युस्योनालिते' समोर येतो, त्यात दोन. रडायचं नाही. उच्चारात मात्र एक गोष्ट ऐकायला सांगा: 'कोंस्तित्युस्यों' नाकात संपतो. पुढे 'एल' लागला की नाकातलं निघून जातं आणि स्वच्छ 'न' ऐकू येतो, स्यो-नेल. शब्द वाढला की जुन्या शेवटाचा आवाज बदलतो.

दहावी_ब

हे छापून तिच्या टेबलावर लावतो. तिच्या शिकवणीत 'मां' म्हणजे क्रियाविशेषण असं सांगितलंय. 'गुव्हेर्नमां' नाम कसं मग?

मादाम_कोथरूड

दोन वेगळे 'मां' आहेत. एक क्रियापदाला लागतो आणि नाम करतो. दुसरा विशेषणाच्या (बहुधा स्त्रीलिंगी) रूपाला लागतो आणि क्रियाविशेषण करतो. दिसायला जुळे, घराणी वेगळी. शिकवणीवाल्यांना सांगू नका मी सांगितलं म्हणून.

मॉंत्रियालकर

उशिरा आलो. पानलाव्या, तुमच्या मूळ प्रश्नात एक भानगड अशी की छापलेली अक्षरं मोजून बोललेली अक्षरं मिळत नाहीत. इथे आल्यावर सहा महिने मला 'देव्हलोपमां' ऐकू आला तरी ओळखू यायचा नाही, कारण पुस्तकातून मी दे-व्हे-लो-प-मां असं पाच तुकड्यांत पाठ केलेलं. लोक तीन तुकड्यांत म्हणतात: देव्ह-लोप-मां. मधले दोन मुके 'ए' (रोमन ई अक्षर) गायब.

आणि ते गायब कधी व्हायचं याला नियम आहे. 'ए' गेल्यावर तीन व्यंजनं एकमेकांवर आदळणार असतील तर तो राहतो. शनिवार 'सामदी', मधला 'ए' गेला. शुक्रवार 'व्हांद्रदी', तिथे 'द-र-द' होईल म्हणून राहिला. 'गुव्हेर्नमां'तही म्हणूनच राहतो.

गणमात्रा

मॉंत्रियालकर, अहो हा तर आपला मुका 'अ'! 'करमणूक' लिहिताना पाच अक्षरं, म्हणताना कर-म-णूक. 'माणसाला' म्हणताना 'माण्साला'. आणि वृत्तात मात्र 'करमणूक'ची पाचही अक्षरं मोजायची, अभंग म्हणताना शेवटचा 'अ' लांबवून म्हणायचा. फ्रेंच कवितेत मुक्या 'ए'चं काय करतात?

मादाम_कोथरूड

मोजतात! पुढे व्यंजन असेल तर मोजायचा, स्वर असेल तर किंवा ओळीच्या शेवटी असेल तर नाही. त्यांची ती प्रसिद्ध बारा अक्षरांची ओळ, आलेक्सांद्रॅं, याच हिशोबावर उभी आहे. इंग्रजी शाळांत 'फ्रेर झाक' हे बालगीत शिकवतात, आठवा. बोलताना दोन अक्षरं, फ्रेर आणि झाक. गाताना चार सूर: फ्रे-र-झा-क. शेवटचा 'ए'सुद्धा तिथे जिवंत होतो.

जुन्या छंदात आणखी एक गंमत, 'स्यों' हे एक अक्षर न धरता सि-ओं अशी दोन धरतात. त्यामुळे पानलाव्यांचा 'पुरवठा' तीन ठिकाणी तीन मापांचा. आत्ता बोटांवर मोजला: आप्रोव्हिझ्योनमां बोलताना ५ तुकडे, छापताना ६, जुन्या छंदात ७. अर्थात पंपांच्या कॅटलॉगवर कुणी महाकाव्य रचत नाही म्हणा.

शिकरण_पोळी

"हे पंपा! तुझी शीतलता..." थांबतो.

बेलव्हिलची_बाय

मी पॅरिसात. इतके लांब शब्द कागदावर, रस्त्यावर कुणाला वेळ आहे? इथे लोक शब्द शेपटीकडून छाटतात. 'शमॅं द फेर मेत्रोपोलितॅं' या लांबलचक नावाची रेल्वे १९ जुलै १९०० ला सुरू झाली, लोकांनी 'मेत्रो' केलं आणि जगाला तेवढंच माहीत. 'सिनेमातोग्राफ'चं 'सिनेमा', मग नुसतं 'सिने'. ल्युमिएर बंधूंचा तो खेळ ७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलात झाला, आणि मधला तुकडा आपण मराठीत ठेवून घेतला. कान-नाक-घशाचा डॉक्टर 'ओतोरिनोलारॅंगोलोझिस्त', पण अपॉइंटमेंट मागताना सगळे 'ओ-एर-एल' म्हणतात. जमलं तर 'ओ'वर छाटायचं, अशी आवड दिसते: फोतो, व्हेलो, मेतेओ.

आणि पोरं तर अक्षरं उलटीच करतात. 'लांव्हेर' म्हणजे उलटं, त्याचं उलटं 'व्हेर-लां', तेच त्या भाषेचं नाव. 'मेत्रो'चं 'त्रोमे', 'लूश' (संशयास्पद)चं 'शलू'. माझ्या दहा वर्षांच्या मुलाला अक्षर कुठे मोडतं हे व्याकरणाने नाही, या उलट्या बोलीने शिकवलं. व्हेरलांत शब्द चुकीचा मोडला की मैदानावर हसतात.

दहावी_ब

आपली 'च'ची भाषा! चलाम चहीतमा चहेआ!

गणमात्रा

दहावी_ब, जपून. त्या भाषेत काही साधे शब्द म्हणायचे नसतात हे आपल्याला शाळेतच कळतं.

शिकरण_पोळी

हसून हसून पुरेवाट. अच्छा! मादामचा व्यनि याच वळणाचा होता की काय?

जुळारी

तरुण मंडळी, मी सांगतो. शिशाचे खिळे (छपाईची सुटी अक्षरं) जुळवण्यात माझी एकोणतीस वर्षं गेली, फ्रेंच येत नाही, पण लाल गोल आणि दोन उद्गारचिन्हं म्हणजे काय ते ओळखतो. शब्द बरोबर मोडलाय, पण उरलेला तुकडा वाईट आहे.

आमच्या साप्ताहिकात मी एकदा बातमी जुळवली होती. "सैन्याजवळ महिनाभर पुरेल इतका दारू-" इथे रकाना संपला. 'गोळा' गेला पुढच्या रकान्याच्या माथ्यावर, एका पुढाऱ्याच्या फोटोला खेटून. संपादक सकाळी आठला दारात. तेव्हापासून नियम एकच: शब्द मोडला की डावा तुकडा वाच, उजवा तुकडा वाच, मग स्टिकमधली (खिळे जुळवायच्या पट्टीतली) ओळ गॅलीत (तबकात) घाल. मराठीत आम्ही जोडाक्षर कधी फोडत नव्हतो आणि एकटं अक्षर ओळीच्या तोंडी टाकत नव्हतो. बाकी सगळं डोळ्यावर.

मॉंत्रियालकर

जुळारी काका, अचूक. मादाम लाजतात म्हणून मी सांगतो: 'कों' हा तुकडा एकटा राहिला की फ्रेंचमध्ये शिवी होते. रोजच्या वापरात अर्थ 'मूर्ख', मूळ अर्थ त्याहून खालचा. फ्रेंच मुद्रकांचा जुना दंडक आहे की कानाला खटकणारा तुकडा ओळीच्या टोकाला ठेवायचा नाही. नियमाने बरोबर, तरी नाही.

मादाम_कोथरूड

लाजत नाही हो, या धाग्यावर माझे तीन विद्यार्थी आहेत.

लूप_होल

सगळं वाचलं, छान चाललंय, पण मला 'काराक्तेर-इस्तीक' खटकतंय. कुठलाही फ्रेंच नियम तसं मोडणार नाही. इंग्रजी मोडेल. 'कॅरॅक्टरिस्टिक' शब्द इंग्रजी पद्धतीने आरनंतर तुटतो.

शब्द मोडायचं काम सॉफ्टवेअर करतं ते बहुतेक नमुन्यांच्या यादीवरून. ही पद्धत स्टॅनफर्डात डोनाल्ड क्नूथ यांच्या टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीसाठी फ्रँक लियांग यांनी बसवली, १९८३ चा प्रबंध आहे. अक्षरांच्या छोट्या गटांमधे आकडे बसवतात: विषम आकडा आला तर इथे मोड, सम आला तर मोडू नको, मोठा आकडा छोट्याला हरवतो. पण यादी भाषेगणिक वेगळी. पानलाव्या, खरं सांगा, मजकुराची भाषा काय निवडली होती?

पानलाव्या

...

इंग्रजी. यूके.

शिकरण_पोळी

:)) :)) धाग्याला मोदक.

बेलव्हिलची_बाय

जाऊ द्या हो. पण एक गंमत सांगू? तुमचं नाव आणि फ्रेंच नामांची ठेवण अगदी उलट आहे. आपण 'लाकूडतोड्या', 'खिसेकापू', 'पानलाव्या' म्हणतो, नाम आधी, क्रियापद मागून. फ्रेंचमध्ये क्रियापद आधी. स्क्रूड्रायव्हर म्हणजे 'तूर्नव्हिस', फिरव-स्क्रू. बूच काढायचं ते 'तीर-बूशों', ओढ-बूच. गगनचुंबी इमारत 'ग्रात-स्येल', खरवड-आकाश. आणि आतलं नाम कुठल्याही लिंगाचं असो, असा जोडशब्द बहुधा पुल्लिंगीच. 'व्हिस' (स्क्रू) स्त्रीलिंगी, 'तूर्नव्हिस' पुल्लिंगी. इकडे असता तर तुम्ही 'लावपान' झाला असता.

मॉंत्रियालकर

लावपान :) अवांतरात भर: केबेकमध्ये (कॅनडाचा फ्रेंच प्रांत) सरकारी भाषा कार्यालय असे शब्द घडवत असतं आणि आश्चर्य म्हणजे लोक वापरतात. 'कूरिये' (टपाल) आणि 'एलेक्त्रोनिक' यांचं 'कूरियेल', ईमेलसाठी. फ्रान्सने २००३ साली अधिकृत केला. कचऱ्याची 'पूबेल' घालून नको असलेल्या ईमेलला 'पूरियेल'. गप्पा मारायला 'क्लाव्हार्दाझ', कीबोर्डचा 'क्लाव्हिये' आणि बडबडीचा 'बाव्हार्दाझ'. इथे घटकाच्या सांध्यावर कुणी कापत नाही, आवाज जिथे एकमेकांत मिसळेल तिथे कापतात.

गणमात्रा

आणि आपण सिग्नलला 'अग्निरथगमनागमन...' करत बसलो.

दहावी_ब

कन्येचा प्रश्न (शेवटचा, आई जेवायला बोलावतेय): अॅंतेरशांझाबिलिते यात जी आणि ए-च्या मधे एक ई लिहितात. ते अक्षर धरायचं का मोडताना?

मादाम_कोथरूड

नाही बेटा. तो ई फक्त जीला मऊ ठेवायला बसलाय, नाहीतर 'शांगा' वाचलं गेलं असतं. त्याला स्वतःचा आवाज नाही. अॅं-तेर-शां-झा-बि-लि-ते, सात. मूळ 'शांझे', बदलणं. मग 'शांझाब्ल', बदलता येईल असं. 'इते' लागताना 'आब्ल'चं 'आबिल' होतं. जेव आता.

पानलाव्या (शनिवार, दुपारी ३:१०)

मंडळी, अहवाल. सगळा मजकूर निवडून भाषा फ्रेंच केली. ६४ पानांवरच्या ओळी डोळ्यांदेखत हलल्या, अकरा ठिकाणी मजकूर चौकटीबाहेर गेला, तो परत बसवला. 'कोंत्रोल' आख्खाच्या आख्खा खाली ढकलला. वरची ओळ विरळ झाली, शब्दांत बोट जाईल एवढी फट, पण चालवून घेतली. जुळारी काकांचं ऐकून प्रत्येक ओळीचा डावा तुकडा वाचला.

दुसरं प्रूफ आज आलं. ६४ पानांत एक लाल गोल. पाण्याच्या प्रवाहाचा हिशोब आहे पान ३८ वर, हिशोबाला शब्द 'काल्क्युल'. 'काल' वर, 'क्युल' खाली, ओळीच्या तोंडाशी. तीन अक्षरं पुढे गेली आहेत, नियमात बसतं. पुन्हा दोन उद्गारचिन्हं.

जुळारी

उजवा तुकडा पण वाच म्हटलं होतं.

मादाम_कोथरूड

व्यनि बघा.